अ, ब आणि ईशान्येचा वारा

आमच्या काकांना बंदरात सगळे सरासरी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की "सरासरी येऊन गेले", "सरासरींना विचार" असंच चालतं. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलं आहे. टेकडीवरच्या हवामान कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. दर तीन तासांनी गच्चीवर चढायचं, फिरत्या वाट्यांच्या यंत्राकडे बघायचं, वारा कुठून येतोय आणि किती जोरानं येतोय ते रजिस्टरात लिहायचं, आणि महिनाअखेर त्याची सरासरी काढायची. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस जेवतानाही दुसरं काय करणार? "आज भात सरासरीपेक्षा मऊ झालाय," असं ते म्हणायचे, आणि काकू मान वर न करता म्हणायची, "मग सरासरीपेक्षा कमी चावा."

मी त्यांची पुतणी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि वडील मालवाहू जहाजावर. ते दोन वर्षांतून एकदा यायचे, मला एक बाहुली द्यायचे आणि माझं वय विचारायचे. तेव्हा मी वाढले ती काका-काकूंच्या घरी. त्यांना मूल नव्हतं. मला ताप आला की काकू उशाशी बसायची आणि काका दर तीन तासांनी थर्मामीटर बघून वहीत लिहायचे. सकाळी दोघं मिळून डॉक्टरांना सरासरी सांगायची. डॉक्टर कपाळाला हात लावायचे.

आता माझा शिडं शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, गुळगुळीत लाकडी जमीन, दोन दणकट मशीन आणि मी. माझा स्वभाव तापट आहे हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको.

शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकवतात. वर्षातले कित्येक महिने एकाच दिशेनं वाहणारे, जुन्या काळी मालाची जहाजं ज्यांच्या भरवशावर समुद्र ओलांडायची ते वारे. सगळी मुलं परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. काका विसरले नाहीत. आमचं बंदर अशा जागी आहे, की वादळांचा हंगाम सरला आणि ईशान्येचा वारा एकदा स्थिर झाला, की इथून सुटलेली शिडाची बोट मागच्या वाऱ्यावर थेट पश्चिमेच्या बेटांपर्यंत जाते. एकोणीसशे सागरी मैल. मध्ये जमीन नाही, दिवा नाही, काही नाही. दर वर्षी दूरदूरच्या बोटी इथे येऊन थांबतात, माझ्याकडून शिडं दुरुस्त करून घेतात आणि एका सकाळी एकामागून एक निघून जातात. काका धक्क्यावर उभं राहून त्यांना निरोप देतात. शेवटची बोट ठिपक्याएवढी झाली की घरी येतात, हातपाय धुतात आणि नवी वही काढतात.

अशा बावीस वह्या होत्या. दर वर्षी एक. प्रत्येकीत तोच प्रवास, पण नव्यानं आखलेला. काकांकडे वाऱ्याचे मासिक नकाशे होते. त्यात समुद्राचे चौकोन पाडलेले, आणि प्रत्येक चौकोनात बाणांचं एक फूल. जिकडून वारा जास्त वेळा येतो तिकडचा बाण लांब, जितका जोर जास्त तितकी त्याच्या शेपटाला पिसं जास्त. फुलाच्या मधोमध एक आकडा, शंभरातले किती दिवस तिथे वारा पडलेला असतो त्याचा. काका भिंग घेऊन एकेका फुलावरून असे जायचे, की शेजारी चहा ठेवून काकू निघून गेली तरी पत्ता लागायचा नाही. कुठल्या तारखेला निघायचं. पहिले तीनशे मैल नैऋत्येला कसं उतरायचं, म्हणजे जमिनीच्या आडोशातून बाहेर पडून खरा वारा मिळतो. मग पश्चिमेला कुठे वळायचं. दिवसाला एकशे पाच मैल धरायचे, म्हणजे अठरा दिवस. पाणी किती, तांदूळ-डाळ किती, कांदे-बटाटे किती, काडेपेट्या किती आणि त्यातल्या किती सादळतील. कुठली दोरी कुठे घासेल. मागच्या वाऱ्यावर एकच दोरी आठवडेच्या आठवडे एकाच जागी घासत राहते आणि तुटते, म्हणून रोज दुपारी ती वीतभर सरकवायची, हेसुद्धा लिहिलेलं.

आणि पहारे. रात्रंदिवस कुणीतरी एक जागं हवं, म्हणून चार-चार तासांच्या पाळ्या. कचेरीत पाळीच्या तक्त्यावर माणसांची नावं लिहायची पद्धत नव्हती. अ, ब, क अशी अक्षरं असायची. काकांनी तीच पद्धत वहीत ठेवली होती. अ आणि ब. दोनच.

अ म्हणजे काका हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ब म्हणजे सुतारकाका हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. सुतारकाका काकांचे लंगोटीमित्र, बोटी बांधणारे, उंचीला आणि रुंदीला कपाटाएवढे. नावाड्यांच्या वाड्यामागच्या शेडमध्ये त्या दोघांनी अकरा वर्षं खपून एकतीस फुटांची बोट बांधली. पुढची अकरा वर्षं रविवारी तिला बंदराबाहेर फिरवून आणली. काकूही जायची. सुकाणू बहुतेक तिच्याच हातात असायचं, कारण काकांचे हात वहीत गुंतलेले आणि सुतारकाकांचे डब्यात.

निघायची तारीख मात्र दर वर्षी पुढे जायची. कधी वारा उशिरा बसला, कधी डोलकाठीच्या तारा बदलायला झाल्या, कधी माझं लग्न ठरलं, कधी माझं लग्न मोडलं. "पुढच्या वर्षी नक्की," असं म्हणताना काकांचा चेहरा इतका केविलवाणा व्हायचा, की मला त्यांची दया यायची आणि दया आली की राग यायचा. इतकी ओढ आहे ना, मग जात का नाही हा माणूस? काकू तर दर वर्षी म्हणायची, "जायचं तर जा हो. मी काही अडवलेलं नाही." म्हणायची आणि आत जाऊन भांडी जरा मोठ्यानं लावायची.

बाविसावी वही लिहून होत होती तेव्हा नोटीस आली. शेड पाडून तिथे नवा धक्का होणार होता. हंगाम संपायच्या आत सगळ्या बोटी हलवायच्या. बंदरात दुसरी जागा नव्हती. म्हणजे काकांपुढे दोनच रस्ते उरले. या हंगामात निघायचं, नाहीतर बोट विकायची. भिजत घोंगडं ठेवायची सोयच राहिली नाही.

काका त्या दुपारी माझ्याकडे आले आणि जमिनीवर अंथरलेल्या कापडावर, बूट काढून, बसले.

"दोन शिडं शिवून दे," ते म्हणाले. "पुढची. जोडीची."

मागच्या वाऱ्यावर बोट डावी-उजवी लोळत राहते. मोठं शीड एकदम या बाजूचं त्या बाजूला आदळलं तर माणसाचं डोकं फोडतं. म्हणून जाणती माणसं ते खाली उतरवून ठेवतात आणि पुढे दोन सारखी शिडं दोन बाजूंना काठ्या लावून फुलवतात. त्यानं बोट जरा शहाण्यासारखी चालते.

"या वर्षी खरंच?" मी विचारलं.

"खरंच. आणि दोन सुरक्षापट्टे." सुरक्षापट्टा म्हणजे छातीभोवती आणि खांद्यांवरून जाणारा जाड पट्टा. त्याची दोरी बोटीला अडकवून ठेवायची, म्हणजे लाटेनं बाहेर फेकलं तरी माणूस बोटीला बांधलेला राहतो. "मापं यात आहेत. आत अ आणि ब लिही, अदलाबदल नको."

त्यांनी दिलेली चिठ्ठी मी आठवडाभर बघितलीही नाही. आधी शिडं झाली. मग एका सकाळी पट्ट्याचं कापड काढलं, खडू घेतला आणि चिठ्ठी उघडली. अ, छाती चाळीस इंच. ब, छाती चौतीस इंच.

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. चौतीस इंचांत सुतारकाकांची मांडीसुद्धा मावली नसती.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसायला लागली. वह्यांमध्ये ‘ब’ची पाळी कायम पहाटे चार ते आठ. काकू चारला उठते, सुतारकाकांना नऊला उठवायला दोन माणसं लागतात. ‘ब’च्या सामानात चष्म्याची दुसरी जोडी. सुतारकाकांना चष्माच नाही. स्वयंपाक रोज ‘अ’कडे, ‘ब’ फक्त खाणार. हे वाचून आम्ही हसलो होतो, की सुतारकाकांची बरी मजा आहे. बावीस वर्षं सगळं डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं आणि घरातल्या एकालाही दिसलं नव्हतं, कारण या माणसानं घरातल्या बायकोला कचेरीतल्या पाळीचं अक्षर देऊन ठेवलं होतं.

मी मशीन बंद केलं आणि तशीच, खडूचे हात न धुता, त्यांच्या घरी गेले. काका अंगणात दोरीची टोकं बांधत होते.

"काका, ब कोण?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. कान लाल झाले. "माप दिलंय ना तुला? तेवढं शिव."

"काकूला विचारलंत का तुम्ही?"

"विचारायचं काय त्यात? ती वाचतेच की वह्या."

"ती वाचते आणि सुतारकाका समजते! आम्ही सगळेच समजतो! सुतारकाका स्वतःसुद्धा!"

त्यांनी दोरी पुन्हा उचलून एक गाठ मारली. मग हळूच म्हणाले, "नाही म्हणाली असती तर? मग मी काय लिहिलं असतं? विचारलं नव्हतं तोवर दर वर्षी ती माझ्याबरोबर होती. अठरा दिवस."

असं काही ऐकायची मला सवय नव्हती. पण तेवढ्यात ते म्हणाले, "वारा नीट बसू दे. मग विचारतो," आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तिथून निघाले. कारखान्यात येऊन दोन दिवसांत पट्टा शिवला, आत शाईनं ब लिहिलं, आणि काकूला निरोप धाडला, की एका गिऱ्हाइकाचं माप तुझ्याएवढंच आहे, जरा घालून दाखवायला ये. काकांना निरोप धाडला, की शिडं बघायला या. वेळ एकच दिली.

काकू आली ती पोहण्याचे ओले कपडे पिशवीत घेऊन. पन्नाशी उलटल्यावर ती बंदराच्या तलावात पोहायला शिकली होती. गुडघ्यासाठी, असं सांगायची. तिचा गुडघा मी कधी दुखलेला पाहिला नाही, पण तेव्हाही मला काही सुचलं नव्हतं. मीही त्याच घरात वाढलेली.

मी तिच्या अंगावर पट्टा चढवला. मापाचा बसला. छातीला, खांद्याला, काखेत, कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. तिनं बकल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग काढून हातात घेताना तिला आतलं अक्षर दिसलं. त्याच वेळी काका दारात आले.

मी नुसतीच कापडाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

"हा ब," काकू म्हणाली. "हा वह्यांमधला ब?"

"कचेरीत नावं लिहायची पद्धत नव्हती," काका म्हणाले.

"घरात होती ना?"

काकांनी टोपी काढली. एकतीस वर्षं वरच्या साहेबासमोर काढायचे तशी. "येशील का?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की मशीन चालू असतं तर ऐकूच आलं नसतं.

काकू रडायला लागली, आणि रडता रडता भांडायला लागली. "बावीस वर्षं मी त्या वह्यांवरची धूळ पुसते! मला वाटायचं, माझ्याशिवाय सगळं आखून झालंय यांचं. मला वाटायचं, मी नसले की बरं वाटेल यांना. दर वर्षी हंगाम टळला की मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाल्याची लाज वाटायची. पोहायला का शिकले मी? तुमच्या मागे उडी मारायला? एकदा, एकदा तोंड उघडता आलं नाही तुम्हाला?"

"तुलाही विचारता आलं असतं," काका म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

"घरच्या माणसानं बोलावल्यावाचून यायचं असतं का?"

नंतर तिनं डोळे पुसले. मग पट्टा पुन्हा अंगावर चढवला आणि मला म्हणाली, "डावीकडे काचतोय जरा. अर्धा इंच सैल कर." तो मुळीच काचत नव्हता. तरी मी सैल केला.

सुतारकाकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते ऐकून त्यांचा जीव असा भांड्यात पडला, की त्यांना बसावं लागलं. त्यांना समुद्राची भीती वाटते हे तेव्हा कळलं. बोटी बांधायला काही वाटत नाही, पण किनारा दिसेनासा झाला की त्यांना परत फिरावंसं वाटतं. पाच मिनिटांनी मात्र ते चिडले. "म्हणजे बावीस वर्षं मी बायकोला उगाच सांगत आलो, की मी जाणार म्हणून? ती दर वर्षी माझ्याशी महिनाभर गोड बोलायची. आता काय बोलेल?"

पुढचे दिवस धावपळीचे गेले. काकू बाविसावी वही घेऊन बसली आणि तिनं अर्धी खोडली. पाणी वाढवलं, काडेपेट्या निम्म्या केल्या, पहाटेची पाळी आपल्याकडेच ठेवली आणि स्वयंपाकाची वाटणी तशीच राहू दिली. रोज संध्याकाळी दोघं वाऱ्याच्या नकाशावर डोकी टेकवून बसायची आणि एकेका फुलावरून वाद घालायची. त्यांना इतकं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा मी जेवायला गेले तर मला वाढायचंच राहिलं. मी स्वतः घेतलं आणि खाल्लं, आणि मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात काकू एकटी कारखान्यात आली. तिच्या पिशवीत जुन्या वह्या होत्या.

"सगळ्या वाचल्या पुन्हा," ती म्हणाली. "एक बघितलंस का? परतीचं पान एकातही नाही."

मला ते माहीत नव्हतं, पण या धंद्यात राहून त्याचा अर्थ न कळायला मी काही अडाणी नाही. जो वारा अठरा दिवसांत पश्चिमेला नेऊन सोडतो, तो परत येताना तोंडावर असतो. सरळ येताच येत नाही. हजार मैल उत्तरेला चढायचं, तिकडचा उलटा वारा पकडायचा, मोठा वळसा घालून यायचं. महिनेच्या महिने लागतात. माझ्या हातून शिडं शिवून गेलेल्या शेकडो बोटी आहेत. त्यांतल्या पाचेक पुन्हा दिसल्या असतील.

"राहून गेलं असेल," मी म्हणाले.

"काडेपेट्या राहिल्या नाहीत," काकू म्हणाली.

ती माझ्याकडे बघत थांबली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली होती हे मला समजत होतं. तुम्ही परत यायचं, मला तुमच्याशिवाय कुणी नाही, असं मला म्हणायचं होतं. चाळिशीच्या बाईनं असं म्हणायचं का? शिवाय त्या दोघांना ढकलून बोटीत बसवलं कुणी? मी सुईत दोरा ओवत राहिले. ती गेली.

ती दोघं मंगळवारी निघाली. ईशान्येचा सोळा नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर वारा, आकाशात कापसासारखे छोटे ढग, सगळं वहीतल्यासारखं. सुतारकाका धक्क्यावर माझ्या शेजारी उभे राहून हुंदके देत होते आणि त्यांची बायको त्यांना रुमाल देत होती. बंदराबाहेर गेल्यावर माझी दोन्ही शिडं उघडली, एक डावीकडे, एक उजवीकडे. टाका कुठे ओढलेला नव्हता. काम चोख झालं होतं.

बोटीवर उपग्रहावरून संदेश पाठवणारं लहानसं यंत्र होतं. रोज दुपारी एक ओळ यायची. अक्षांश, रेखांश, वारा. मी भिंतीवर नकाशा लावला होता, त्यावर टाचणी टोचायची. पहिले चार दिवस काकूला काही पोटात ठरलं नाही. पाचव्या दिवशी ओळ आली की ब जेवली. नवव्या दिवशी काहीच आलं नाही. मी एका शिडाला उलट्या बाजूनं पट्टी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. दहाव्या दिवशी काकूचा संदेश आला: "काल वारा सरासरी नव्हता. चौतीस नॉट. एक काठी मोडली. हे घाबरले नाहीत, मी घाबरले. आज ऊन आहे. हे भात करतायत." मी तो सुतारकाकांना वाचून दाखवला. "काठी मी बदलायला सांगितली होती," ते म्हणाले, आणि पुन्हा रडले.

एकोणिसाव्या दिवशी ती पोचली. काकांच्या हिशोबापेक्षा एक दिवस उशिरा.

फोन दुसऱ्या दिवशी आला. इकडे दुपार, तिकडे सकाळ. काकूचा आवाज मी ओळखलाच नाही. वीस वर्षं जुना वाटला, म्हणजे लहान. ती थांबेचना. पहाटेच्या पाळीत समुद्र कसा दिसतो, उडणारे मासे बोटीत कसे पडतात, काका सुकाणू धरून कसे गुणगुणतात. आमच्या घरात काका कधी गुणगुणले नव्हते. मग ती म्हणाली, की इथे एक जोडपं भेटलंय, ते पुढच्या बेटांकडे निघालंय. पुढे अजून चारशे मैल, वारा मागूनच. हे नकाशे काढून बसलेत. नवी वही घेतलीय.

मी उभीच होते. भिंतीवरचा नकाशा जिथे संपत होता त्याच्या पुढचं ती बोलत होती.

"काकू, परत या," मी म्हणाले.

इतके दिवस अडलेलं ते एकदम बाहेर आलं, आणि मग मला आवरता आलं नाही. "मला करमत नाही. तुमच्या घराला कुलूप बघवत नाही. मी त्या गल्लीनं जायचं सोडलंय. मला तुम्ही दोघं हवी आहात. परत या ना."

काकू खोटं बोलत नाही. लहानपणी इंजेक्शन दुखेल का विचारलं, तर दुखेल म्हणायची.

"नाही गं," ती म्हणाली. "एवढ्यात नाही. कधी ते नाही सांगता येत." मग म्हणाली, "राग आला?"

"आला."

"येऊ दे. पण विचारलंस ते बरं केलंस. मी त्या दिवशी तुझ्याकडे त्याचसाठी आले होते. तेव्हा विचारलं असतंस तर कदाचित निघालेच नसते मी."

हे ऐकून मी खाली बसले, लाकडी जमिनीवर, कापडाच्या ढिगाशेजारी. आपण गप्प राहिलो म्हणून ती गेली, आणि गेली म्हणून ती आज अशी बोलत होती. यातलं कुठलं बदलायला हवं होतं ते मला ठरवता येईना. ती "तूच ये इकडे, विमानानं ये," असं म्हणत होती, आणि "हंगाम संपला की बघते," असं म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, की असं बोलणारं माणूस कधी निघत नाही.

मग फोन काकांकडे गेला. ते भावनेच्या गोष्टी बोलणारे नव्हेत. शिडं उत्तम चालली, डाव्याचा खालचा कोपरा जरा घासलाय, मी बघितलंय, असं सांगितलं. मग खाकरले. मग म्हणाले, "तिकडे वारा काय आहे गं आत्ता?"

एकतीस वर्षं आणि त्यापुढचीही कित्येक वर्षं या गावातला वारा त्यांनी दुसऱ्याला सांगितला होता. कुणाला कधी विचारावा लागला नव्हता. मी उठले, फोन घेऊन खिडकीशी गेले आणि ती सताड उघडली. वारा आत आला तसे कापडाचे तुकडे जमिनीवरून पुढे सरकले. मी हात बाहेर काढला आणि त्यांनी शिकवलं होतं तसं तळव्यावर वारा घेऊन थांबले.

"ईशान्येचा," मी म्हणाले. "पंधरा-सोळा असेल. तुमच्याकडेच चाललाय."